षट्कोनातला 'ट', षड्रिपूंतला 'ड'

बोईसरहून तारापूर एमआयडीसीत शिरलं की फाटकाफाटकावर एकच शब्द भेटत राहतो: लिमिटेड. कारखाना औषधांचा असो, कापडाचा असो की पोलादाचा, पाटीचा शेवट 'प्रायव्हेट लिमिटेड'नेच होतो. या पट्ट्यातल्या मुलांनी इंग्रजीचं पुस्तक उघडायच्या आधीच ई आणि डी ही जोडी अशी पाटीवर पाहिलेली असते आणि तिचा उच्चार 'एड' असा ऐकलेला असतो. घरी लग्नाच्या बोलणीत 'एज्युकेटेड' ऐकू येतं, मोबाइलच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड'. मग पालघर स्टेशनवरून सातपाटीच्या वाटेवर लागणाऱ्या शिरगावातली सहावीतली एखादी मुलगी धडा वाचायला उभी राहते आणि 'वॉकेड', 'जंपेड', 'वॉशेड' असं वाचत सुटते, तेव्हा तिला धांदरट म्हणणं हा अन्याय आहे. तिने ऐकीव शब्दांवरून एक नियम काढला आहे. नियम चुकला, पण काढायची रीत अगदी बरोबर आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. भूतकाळाचा धडा येतो तेव्हा फळ्यावर एक ओळ लिहिली जाते: क्रियापदाला ई-डी लावा. परीक्षेत तेवढ्याने भागतं, कारण परीक्षा लेखी असते. तोंडी बोलताना मात्र या दोन अक्षरांचे तीन उच्चार होतात, 'ट', 'ड' आणि 'इड', आणि कुठे कोणता हे फळ्यावर कधीच येत नाही. वास्तविक मराठी मुलाइतकं हे चटकन कुणाला समजू नये, कारण त्याची वर्णमालाच मुळी या भेदावर रचलेली आहे.

शिरगावातल्या एका संध्याकाळच्या शिकवणीत हे शिकवताना पाहिलं. बाईंनी खडू हातात घेतलाच नाही. "दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवा रे सगळ्यांनी," म्हणाल्या, "आणि म्हणा, स्स्स." पोरांनी केलं. बोटांना काही लागलं नाही. "आता जहाजातला ज ताणा. सोडू नका." खोलीभर गुणगुण झाली आणि बोटांखाली होडीचं इंजिन सुरू झाल्यासारखी थरथर जाणवली. दोन-तीन मुलं खुदखुदली. एकाने शेजाऱ्याचाही गळा चाचपून पाहिला. मग बाईंनी शब्द दिले. 'वॉक' म्हणा, शेवटच्या क शी थांबा: गळा गप्प. 'क्लीन' म्हणा, न वर थांबा: गळा वाजतो. "गळा गप्प असेल तिथे ट लावायचा, वाजत असेल तिथे ड. झालं." वॉक्ट. क्लीन्ड. पोरं एकामागून एक शब्द गळ्यावर घासून पाहू लागली.

शाळेच्या व्याकरणात याच भेदाला कठोर आणि मृदू व्यंजनं म्हणतात, भाषाशास्त्रात अघोष आणि घोष. वर्णमालेच्या पाचही ओळींत पहिली दोन अक्षरं कठोर, पुढची दोन मृदू, शेवटचं अनुनासिक. तेही गळा वाजवतंच. स आणि श कठोर. य, र, ल, व आणि सगळे स्वर गळा वाजवणारे. इंग्रजीत क्रियापदाचा शेवटचा ध्वनी क, प, फ, च, स, श असा कठोर असेल तर ई-डीचा 'ट' होतो: कुक्ट, जंप्ट, लाफ्ट, वॉच्ट, वॉश्ट. ध्वनी मृदू किंवा स्वर असेल तर 'ड': ओपन्ड, कॉल्ड, लव्ह्ड, जज्ड, प्लेड. आणि शेवटी ट किंवा ड आधीच ठाण मांडून बसलेले असतील, तर दुसरा ट-ड त्यांना चिकटून ऐकूच येणार नाही. म्हणून मध्ये एक आखूड 'इ' घुसते: वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड. 'लिमिट'च्या शेवटी ट आहे. त्यामुळे एमआयडीसीच्या पाटीवरचा तो 'एड' आपल्या जागी जवळपास योग्यच आहे. गडबड होते ती तो उचलून 'वॉक'ला लावल्याने.

लक्ष द्यायचं ते ध्वनीकडे. 'लाफ'च्या स्पेलिंगात शेवटी जी-एच असले तरी कान फ ऐकतो, म्हणून लाफ्ट. 'यूज'मधला ज मृदू, म्हणून यूज्ड. गंमत म्हणजे 'पूर्वी करायचो' या अर्थाने 'यूज्ड टू' येतं, तेव्हा पुढच्या कठोर ट च्या ओढीने त्याचं 'यूस्ट टू' झालेलं आहे; स्पेलिंगाला त्याचा पत्ता नाही.

दहावीच्या व्याकरणात आणि एमपीएससीच्या क्लासमध्ये जी व्यंजनसंधी घोकतात ती अशा वेळी आठवायला हरकत नाही. षट् अधिक कोन, षट्कोन. षट् अधिक रिपु, षड्रिपु. षट् अधिक आनन, षडानन. तोच ट, पण पुढे कठोर क आला तर ट राहतो, मृदू र किंवा स्वर आला की त्याचा ड होतो. पुस्तकात याला तृतीय व्यंजन संधी असं भारदस्त नाव आहे. संस्कृत वैयाकरणांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जे सूत्रात बांधलं, तेच इंग्रजी पोरगं 'वॉक्ट' आणि 'प्लेड' म्हणताना नकळत करत असतं. फरक दिशेचा: संस्कृतात आधीचा ध्वनी पुढच्यापुढे वाकतो, इंग्रजीत पुढचा आधीच्यापुढे. माझं तर मत आहे की ई-डीचा धडा इंग्रजीच्या तासाला सुरू करण्याआधी मराठीच्या तासाला वर्णमाला एकदा फिरवून घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.

मग ते 'ई' आहे कशासाठी? एके काळी ते खरोखर उच्चारलं जायचं. जुन्या इंग्रजीत आणि त्यानंतरही कित्येक शतकं या प्रत्ययात स्वर होता. शिरगावच्या मुलीचं 'वॉकेड' तेव्हा खपून गेलं असतं. हळूहळू स्वर गळत गेला. शेक्सपियरच्या काळात दोन्ही रूपं चालत, कवी मात्रांच्या सोयीने हवं ते वापरत. स्वर गळाल्याचा राग आलेलेही होते. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट याने 1712 साली इंग्रजी भाषा सुधारण्याचा एक जाहीर प्रस्ताव मांडला, त्यात कवींना धारेवर धरलं की तुम्ही एक अवयव (सिलॅबल) वाचवण्यासाठी स्वर गिळता आणि व्यंजनांचा नुसता खडखडाट उरवता. त्याची फिर्याद भाषेने ऐकली नाही. स्पेलिंगमध्ये ई राहिला, तोंडातून गेला. काही विशेषणांत मात्र तो अजून टिकून आहे: ब्लेसिड, नेकिड, विकिड, एजिड. कोर्टात एक वकील दुसऱ्याला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतो तो हाच जुना उच्चार. तोच शब्द 'शिकलो' या अर्थाने आला की 'लर्न्ड' होतो.

पुढे तर काही ठिकाणी ट-डसुद्धा गळाले. आइसक्रीम हे मूळचं 'आइस्ड क्रीम'. पॉपकॉर्न मूळचं 'पॉप्ड कॉर्न'. चायनीजच्या गाडीवर 'फ्राय राईस' लिहिलेलं पाहून आपण हसतो, पण त्या रंगाऱ्याने इंग्रजांपेक्षा फार वेगळं काही केलेलं नाही.

स्पेलिंगचे नियम थोडक्यात उरकतो. शेवटी ई असेल तर नुसता डी. व्यंजनानंतर वाय असेल तर वायचा आय होतो, जसं ट्राय-ट्राइड. स्वरानंतरचा वाय तसाच राहतो, जसं प्ले-प्लेड. एका अवयवाचं क्रियापद एकाच स्वरानंतर एकाच व्यंजनाने संपत असेल तर ते व्यंजन दुप्पट: स्टॉपला दोन पी. 'व्हिजिट'वर जोर पहिल्या अवयवावर आहे, म्हणून तिथे टी एकच. 'अ‍ॅडमिट'वर जोर शेवटी, म्हणून दोन. 'ट्रॅव्हल' आणि 'कॅन्सल'ला ब्रिटिश दोन एल लावतात, अमेरिकन एकावर भागवतात, आपल्याकडे दोन्ही दिसतात. ब्रिटिशांकडे 'बर्न्ट', 'लर्न्ट' अशी मृदू न नंतरही ट घेणारी जोडरूपं आहेत. 'बर्न्ड', 'लर्न्ड'ही चालतात.

नियमित क्रियापदांचं खरं बळ मोजण्यात नाही, वाढण्यात आहे. अनियमित क्रियापदं फार तर दीड-दोनशे; बाकी हजारो ई-डीवाली, आणि रोज जन्मणारं नवं क्रियापद याच कळपात शिरतं. गूगल्ड, फोटोशॉप्ट, टेक्स्टिड: तिन्ही नवे, आणि तिघांनीही ड, ट, इड आपापल्या जागी बिनबोभाट घेतले. 1958 साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांना काहीतरी विचित्र करणाऱ्या माणसाचं चित्र दाखवून सांगितलं, याला 'रिक' करता येतं. कालही त्याने तेच केलं, तर काल त्याने काय केलं? शब्द बनावट, मुलांनी जन्मात न ऐकलेला, तरी बहुतेकांनी 'रिक्ट' सांगितलं. म्हणजे मुलं शब्द पाठ करत नव्हती, नियम चालवत होती. 'मॉट' या बनावट शब्दाला मात्र बरीच अडखळली. शेवटी आधीच ट असलेली ही तिसरी जात इंग्रजी पोरांनाही उशिराच साधते.

आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर 'मी करलं' म्हणतं, 'मुंगी मरली' म्हणतं, ते याच धर्तीचं. बसलं, पडलं, चाललं यांवरून त्याने नियम काढला. केलं आणि मेली ही अपवादाची रूपं त्याला अजून भेटायची आहेत. इंग्रज पोर त्याच वयात 'गो'ला ई-डी लावतं. दोन्ही भाषांत अनियमित रूपं टिकतात ती सतत जिभेवर असलेल्या क्रियापदांची: आपल्याकडे जा, ये, कर, हो, दे, त्यांच्याकडे त्यांचेच भाऊबंद. 2007 साली 'नेचर'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी याचं गणितच मांडलं. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. त्यांपैकी आज 98च अनियमित उरली आहेत, बाकीची ई-डीत विरघळली. एखादं क्रियापद शंभर पट कमी वापरात असेल, तर ते दहा पट वेगाने नियमित होतं, असं त्यांना दिसलं. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता. आज तो 'हेल्प्ट' आहे आणि जुन्याचं कुणाला काही वाटत नाही.

रूपांच्या बाबतीत इंग्रजी मराठीपुढे अगदी गरीब आहे, आणि शिकणाऱ्याला हे सांगितलं तर त्याचा धीर वाढतो. आईने सुरमई तळली, पापलेट तळलं, बोंबील तळले, कोलंब्या तळल्या. इंग्रजीत चारही ठिकाणी फक्त 'फ्राइड'. तळणारी आई, पण आपलं क्रियापद मासळीकडे पाहून लिंग-वचन ठरवतं. याचं मूळ संस्कृतातल्या 'त' प्रत्ययात आहे. कृत, मृत, गत ही मुळात विशेषणं. 'मासा तळलेला, आईकडून' अशा घाटाचं ते वाक्य. प्राकृतात त्यांना आणखी एक ल चिकटला आणि केला, मेला, गेला आले. विशेषणाने नामाचं लिंग घ्यावं हा कुळाचार मराठीने अजून सोडलेला नाही. इंग्रजी 'फ्राइड राईस'मधलं 'फ्राइड' या धातुसाधित विशेषणाचं ई-डीही त्याच मूळ 'त'च्या घराण्यातलं आहे, लॅटिनमार्गे नव्हे, जर्मानिक शाखेतून थेट. त्या बाजूला लिंग-वचन कधीच झडून गेलं, इतकंच.

विशेषण आणि भूतकाळ यांचं रूप एकच असणं कारखान्यात फार महत्त्वाचं ठरतं. औषधांच्या कारखान्यात बॅचच्या कागदाखाली तीन रकाने असतात: प्रिपेअर्ड बाय, चेक्ट बाय, अप्रूव्ह्ड बाय. कुणी केलं, कुणी तपासलं, कुणी मान्य केलं. यंत्रावर एक पाटी लटकते: 'क्लीन्ड'. दुसरी पाटी: 'टू बी क्लीन्ड'. ई-डी दोन्हीकडे आहे. पहिलीचा अर्थ साफ झालं, दुसरीचा अर्थ साफ व्हायचं आहे. ई-डी म्हणजे झालेलं काम एवढंच डोक्यात घेऊन नवा माणूस शॉपफ्लोअरवर गेला, तर दुसरी पाटी त्याला फसवू शकते. भूतकाळ दाखवणारं ई-डी वेगळं आणि 'साफ केलेलं' या अर्थाचं ई-डी वेगळं. नियमित क्रियापदांत दोन्ही जुळ्यासारखी दिसतात, म्हणून आजूबाजूचे शब्द वाचावेच लागतात.

याच कारखान्यातली बोलभाषा ऐकली की दुसरी अडचण कळते. पंप ट्रिप झाला, बॅच फेल झाली, माल डिस्पॅच केला, शिफ्ट चेंज झाली. एका पाळीत ऑपरेटर डझनावारी इंग्रजी क्रियापदं बोलतो, पण ई-डी एकदाही नाही. काळाचं ओझं 'झाला' आणि 'केला' वाहतात, इंग्रजी शब्द उघडाबोडका येतो. पाळी संपताना लॉगबुकात इंग्रजीत लिहायची वेळ आली की तो ट्रिप, फेल, डिस्पॅच असं उघडंच लिहून टाकतो. त्याला भूतकाळ येत नाही असं नव्हे. तो मराठीत आधीच लावून झालेला असतो.

प्रश्न आणि नकार यांत उलट होतं, तिथे ई-डी जास्त पडतं. 'डिड यू वॉक्ट?', 'आय डिड नॉट वॉक्ट.' आपण 'चाललास का?' विचारतो, 'चाललो नाही' सांगतो; दोन्हीकडे भूतकाळ क्रियापदावर जसाच्या तसा असतो आणि 'का' किंवा 'नाही' बाजूला येऊन बसतं. इंग्रजीत प्रश्न किंवा नकार आला की काळ क्रियापदावरून उठून 'डू'वर जातो, त्याचं 'डिड' होतं आणि मागे नुसतं 'वॉक' उरतं. एका वाक्यात काळाची खूण एकदाच.

वापराच्या बाबतीत मराठी माणसाची सगळ्यात पक्की सवय म्हणजे 'होतो'. 'काल मी पालघरला गेलो होतो' हे आपलं साधं वाक्य आहे. जाऊन आलो, एवढाच त्याचा भाव. त्याला 'हॅड' लावून इंग्रजीत नेलं की ऐकणारा थांबून राहतो: कशाच्या आधी? इंग्रजीतला 'हॅड' दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या आधीचं सांगतो. शिरगावच्या किल्ल्याचं उदाहरण घ्या. मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत 1739 साली तो जिंकला: 'कॅप्चर्ड', साधा ई-डी, सन दिला, विषय संपला. 'मराठे पोचले त्याआधी शिबंदीने दरवाजे लावून घेतले होते' असं कल्पून लिहायचं झालं, तर पोचण्याला 'रीच्ट' आणि दरवाजे लावण्याला 'हॅड क्लोज्ड'. दोन घटना, एक आधीची, तिथेच 'हॅड'ला काम. आणि 'आय हॅव रीच्ट यस्टर्डे' हेही चालत नाही, कारण काल, परवा, 1739 अशी वेळ नेमकी सांगितली की 'हॅव'ने बाजूला व्हायचं असतं.

इंग्रजीचा हा साधा ई-डी आपल्या दोन-तीन रूपांची कामं एकटाच करतो. किल्ल्यावर खेळलो, किल्ल्यावर खेळायचो, खेळत असू: तिन्हींना 'प्लेड' पुरतं, अगदीच सवय दाखवायची तर 'यूस्ट टू प्ले'. उलट आपला भूतकाळ जिथे जातो तिथे इंग्रजीचा जात नाही. शिरगाव नाक्यावर शेअर रिक्षावाल्याने हाक मारली की घरातून उत्तर येतं, 'आलो, आलो', आणि चपला अजून पायात नसतात. 'तो पोचला की फोन कर' यात पोचणं अजून व्हायचं आहे, तरी 'पोचला'. विद्यार्थी इथे 'रीच्ट' लिहितो आणि गुण जातो. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ लागतो.

पण न घडलेल्यासाठी भूतकाळ वापरण्याची खोड त्यांनाही आहे. 'इफ आय लिव्ह्ड इन शिरगाव' म्हणणारा शिरगावात राहत नसतो. ई-डीने त्याने गोष्ट वास्तवापासून लांब सरकवली आहे. असंच लांब सरकवणं अदबीसाठीही होतं. 'आय वॉन्टिड टू आस्क' म्हणणाऱ्याला आत्ताच विचारायचं असतं. तलाठी कार्यालयात टेबलासमोर उभं राहून 'मला जरा सातबाऱ्याबद्दल विचारायचं होतं' असं म्हणतो तेव्हा आपणही नेमकं हेच करतो, आणि समोरचे भाऊसाहेब 'कधी?' असं विचारत नाहीत.